नव्याची पहिली मूठ

माझं माहेर सालेकशाकडचं, जंगलाला लागून. चौथी झाली अन् शाळा संपली, मग मोहफुलं वेचली, तेंदूपानं तोडली, आणि लग्न होऊन मुर्रीले आली ते धानाच्या बांधीतच उतरली. आम्ही पोवार, धान हेच आमचं काम. काय सांगू तुम्हाला, या हातानं किती धान कापलं ते देवालेच माहीत, पण इळा कधी लागला नाही. धानाची मूठ वर धरायची, इळा खाली चालवायचा, एवढंच असते ते. पण ते लहानपणीच हातात बसावं लागते.

माह्या नातवाच्या हातात ते बसलं नाही. भुमेश, माह्या लेकाचा, झनकलालचा पोरगा. शाळेतल्या गुरुजींनी त्याले हॉकी शिकवली आणि लहानपणीच सरकारी खेळाच्या होस्टेलले पाठवलं. मी म्हटली, वाकड्या काठीनं बॉल मारून पोट भरते का गा? तो म्हणे, आजी, तू पाहत राह्य. सुट्टीत येई तो पाहुण्यासारखा.

मग एका पावसाळ्यात खबर आली. एकवीस वर्षांखालच्या पोरांचा वर्ल्ड कप होता, हिवाळ्यात, दिल्लीले, आणि भुमेशले इंडियाच्या कॅम्पात बोलावलं होतं. तिथून शेवटची टीम निवडणार होते. गावात हार घातले, चौकात पोरं ओरडत होती, अपना भुमेश इंडिया खेलेगा.

कॅम्पाले जाच्या आधी तो घरी आला, ते नेमके नव्याचे दिवस. दसऱ्याच्या सुमारास हलकं धान पिकते, तेव्हा आम्ही नवा खातो. घरच्या माणसानं पहिली मूठ कापायची, तिचा भात देवाले दाखवायचा, मगच नवीन तांदूळ तोंडात घालायचा. झनकलाल म्हणे, यंदा भुमेशच कापन, देशासाठी चालला तो. मी म्हटली, त्याले इळा धरता येत नाही, काऊन देतेस? तर म्हणे, माय, तू चूप बस, पोवाराच्या पोराले धान कापणं शिकवा लागते का? सारे हसले. भुमेशही हसला.

तो हॉकी खेळताना वाकते तसाच वाकला आणि मूठ पार बुडाशी धरली. वर धर, वर धर, मी ओरडून राहिली, तेवढ्यात त्यानं इळा ओढला. डाव्या हाताची बोटं कापली.

आता आमच्या लोकांची अक्कल पाहा. झनकलालनं आधी उजवा हात पाहिला. उजवा साबूत आहे, देवानं वाचवलं म्हणे, आणि तिथंच नारळ फोडला. डाव्यावर हळद दाबली, फडकं बांधलं. नवा झाला, सारे जेवले. भुमेश जेवला नाही. मी जवळ बसली तर हळूच म्हणे, आजी, काठी डावा हात फिरवते, उजवा नुसता सोबत असते. मी जाऊन झनकलालले सांगितलं. बुढे, तुले हॉकीतलं काय कळते, म्हणे.

सकाळी मीच त्याले गोंदियाले नेलं. डॉक्टर म्हणाला, आतली नस तुटली, कालच काऊन नाही आणलं? शिवली त्यानं, पण बोटं वळलीच नाहीत. तसाच कॅम्पाले गेला, पण काठी फिरेना, त्याले परत पाठवलं.

हिवाळ्यात वर्ल्ड कप पाहाले पंचायतीत टीव्ही लावला. भुमेश हात मांडीखाली दाबून पाहत बसला. एक टारगट म्हणे, काय गा भुमेश, तू कोणत्या कोपऱ्यात दिसशील? कोणी हसलं नाही. झनकलाल तिकडं आलाच नाही, वावराच्या कडेले बांधीच्या धुऱ्यावर बसून राहिला. त्यानंतर बाप-लेक कामापुरतं बोलतात.

आता भुमेश तिरोड्याले एका गोदामाच्या गेटवर पहारा देते. कापणीले घरी येते. यंदा नव्याची पहिली मूठ त्यानंच कापली. ताठ बोटं कशीबशी धानाभोवती घातली, मूठ वर धरली, इळा खाली चालवला. झनकलाल पाहून राहिला होता, मीही. धान कापणं आता त्याले येते.

भात त्याच मुठीचा शिजून राहिला. बसा, खाऊन जा. तुमची लेकरं सुखात राहोत.