काशिनाथच्या बाजूनं

अरे, वकिली केली, पण कुणाची? नव्वदच्या दशकात मी एका परदेशी कॉम्प्युटर कंपनीचा पगारी वकील होतो. रोह्याच्या कारखान्यात पेणजवळच्या हमरापूरच्या काशिनाथ नावाच्या कामगारानं युनियन काढायचं ठरवलं, तर कंपनीनं त्याच्यावर उशिरा येण्याचा आरोप ठेवला. आरोपपत्र मीच लिहिलं. चौकशीला त्याच्या बाजूनं बोलायला एकही कामगार आला नाही. सगळे घाबरलेले.

काशिनाथ मला म्हणाला, "साहेब, तुम्ही पेणचेच ना? मग तुम्हीच बोला माझ्यासाठी."

"मी कंपनीचा माणूस आहे रे."

"मग लिवा, याच्या बाजूनं कोण नाय."

मला मान वर करवेना. मी तसं लिहिलं. आठवड्यानं त्याला काढलं. मुंबईहून साहेबांचा फोन आला, "कागदपत्रं अगदी चोख केलीत तुम्ही."