टेपचा ढिला पट्टा

१९९४ सालची गोष्ट. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मावशी आपल्या मिक्सरची वाट बघत बसल्या होत्या. शेजारी दुरुस्तीला दिलेला टेप न्यायला आलेला एक गिटारवाला आणि त्याची मैत्रीण एका बँडच्या गाण्यांवरून हमरीतुमरीवर आले होते.

“पहिला अल्बम कसा संथ, खोल! चौथा तुझ्या घरी ऐकला, त्यात नुसती घाई. मागे वाघ लागलाय का यांच्या?”

“पहिला संथ? अरे, त्यावर उड्या मारून मी चपला झिजवल्यात!”

“त्यातलंच गाणं वाजवून आज त्याच बँडपुढे परीक्षा देणार आहे मी, त्यांना गिटारवाला हवाय. मला नको सांगूस.”

“म्हणून दाखव बरं.”

त्यानं म्हटलं.

“गातोयस की गाडा ओढतोयस?”

“भांडू नका,” दुकानदार म्हणाला. “तुमच्या टेपचा पट्टा ढिला होता, सगळं हळू वाजायचं. नवा घातलाय. ऐका.”

कॅसेट धावत सुटली. गिटारवाल्याचा चेहरा पडला.

“मी सगळं चुकीचंच शिकलो गं! परीक्षा तर आत्ताच आहे.”

मावशींना राहवेना. “बाळा, तू म्हटलंस तसंच वाजव. ही कॅसेट ऐकून मला माझा मिक्सर आठवला.”

बँडनं त्याला घेतलं. पाचवा अल्बम इतका संथ निघाला, की चाहते अजून कारणं शोधतात. मैत्रीण त्याची बायको झाली. घरात मात्र पहिलाच अल्बम लावते. मावशी आता नव्वदीला टेकल्यात. पाचव्यावर दुपारची झोप झकास लागते, म्हणतात.