सागिन ओरडला

नूरबूबू : ...ते नंतर सांगा. आधी त्या दगडावरून उठा. गाडीत तुमचे प्रवासी गारठलेत.

सागिन : तू कशी आलीस?

नूरबूबू : कोळशाच्या ट्रकमधून! बाजारात फोन आला, ‘तुमचा नवरा घाटात गाडी सोडून उतरलाय, चावीही देत नाही.’ म्हटलं, चुकीचा नंबर लागला. माझा नवरा? आपल्या लग्नात तंबू कोसळला, तेव्हासुद्धा हा चहा पीत बसला होता!

सागिन : मी ओरडलो, नूरबूबू.

नूरबूबू : कुणावर?

सागिन : गाडीतल्या बेर्मेत म्हातारीवर. तिची सुक्या दह्याच्या गोळ्यांची पिशवीही दरीत भिरकावली.

नूरबूबू : शाबास! वीस वर्षं मी ताटल्या फोडतेय, की हा माणूस एकदा तरी ओरडेल. मला काय मिळालं? ‘होईल गं सगळं नीट.’ आणि पहिला ओरडा त्या बोळक्या बाईला!

सागिन : चावी मागू नकोस. आज मी गाडी चालवणार नाही.

नूरबूबू : तिनं काय घोडं मारलं होतं तुमचं?

सागिन : जाऊ दे.

नूरबूबू : पुन्हा ‘जाऊ दे’ म्हणालात, तर त्या पिशवीमागं तुम्हालाही ढकलीन.

सागिन : तिच्या भाच्याला अदिलेत दिसला.

नूरबूबू : आपलं पोरगं? तिकडं मॉस्कोत, कामावर?

सागिन : नाही, इथं बिश्केकमध्ये. टायरच्या दुकानात कामाला आहे. वसंतात परत आलाय.

नूरबूबू : वसंतात? म्हणजे मी फोनपाशी बसून रडत होते, तेव्हा पोरगं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होतं?

सागिन : आणि मी तुला सांगत होतो, कामात असेल, फोन लागत नसेल. इतकं शांतपणे सांगायचो, की मलाच ते खरं वाटायला लागलं. म्हातारी म्हणाली, ‘नूरबूबूला सांगायची भीती वाटते बाई. तुझं बरंय, तू दगड आहेस.’

(नूरबूबू त्याच्याशेजारी बसते.)

सागिन : तू ओरडत नाहीस?

नूरबूबू : धडधाकट आहे ना तो?

सागिन : आहे. वाळलाय म्हणे. घरी यायची लाज वाटते म्हणाला.

नूरबूबू : गाढव कुठला! उद्या जाऊन कान धरून आणू.

सागिन : नूरबूबू, मला समोरचा रस्ता दिसेनासा झालाय.

नूरबूबू : रडताय तुम्ही. पहिल्यांदा असंच होतं. पुसू नका, वाहू द्या.