अनुसयाबाईची बांधाबांध

मंडळी, आज एकच गोष्ट विचारतो. जायचं आहे हे नक्की, पण कधी ते ठाऊक नाही. अशा माणसानं तयारी करायची ती कशाची? सांगा! मागं खांबाला टेकलेत ते पाटील, तुम्ही सांगा. माना डोलवू नका, मान डोलवणं म्हणजे उत्तर नव्हे. बरं, राहू द्या. मी एका बाईची हकिकत सांगतो, उत्तर त्यातच आहे.

कासारडोह नावाचं गाव. नदीकाठी पाऊणशे उंबरे. गावाच्या खाली, चार कोसांवर, धरणाची भिंत उठत होती. भिंत पुरी झाली की गाव पाण्यात जाणार. गावाला वर माळावर नवीन जागा दिली होती, प्रत्येकाला एक तुकडा. सरकारनं घरंही बांधून दिली — चार भिंती, वर पत्रा. पण तिथं पाणी नव्हतं! नळ येईपर्यंत राहायला जाता येईना, आणि भिंत पुरी होईपर्यंत इथून हलायचं कारण नव्हतं. मग कचेरीतले साहेब म्हणाले, दिवाळीनंतर बघू. दिवाळी झाली. म्हणाले, शिमग्यानंतर. शिमगा झाला. मग म्हणाले, वरून हुकूम आला की कळवू. आता ‘वरून’ म्हणजे कुठून, ते साहेबांनाही माहीत नव्हतं!

त्या गावात अनुसया म्हणून एक बाई. नवरा धोंडीराम, सासरे हैबतीआबा. आबांचे डोळे तिशीतच देवीच्या आजारात गेले होते. पण मंडळी, काय माणूस! अंबाडीचे दोर वळायचे. बाजेपासून दारापर्यंत नऊ पावलं, दारापासून रांजणापर्यंत चार, डाव्या हाताला खुंटी, खुंटीवर दोर. चाळीस वर्षं कुणाचा हात धरला नाही. नदीवर एकटे जायचे, एकटे यायचे. नवखा पाहुणा आला तर त्याला कळायचंही नाही की याला दिसत नाही.

आणि अनुसया? हाताला भारी चपळ. काम अंगावर शिल्लक राहिलेलं तिला सोसायचंच नाही. पहिली नोटीस आली, त्याच संध्याकाळी तिनं बांधायला घेतलं. भांडी पोत्यात गेली, वाकळा दोरीनं आवळल्या, फळ्या उतरवल्या, कणगी मोकळी केली. चूल सोडली एवढंच. कारण चूल बांधून नेता येत नाही, नाहीतर तीही बांधली असती!

आणि मग सुरू झालं वाट बघणं.

रस्त्यावर गाडीचा आवाज आला की ही पिठाच्या हातानं दारात. जीप दूधवाल्याची निघायची. कुणी सांगायचं, सोमवारी निघायचं. की ही पोती ओढून दाराशी आणायची. सोमवार जायचा, पोती परत आत. मग कुणी म्हणायचं, अमावास्येला. पोती पुन्हा दाराशी! घर सारवायचं? कशाला आता. परसात दोडका लावायचा? कशाला आता, खाणार कोण? सख्ख्या बहिणीच्या लेकीचं लग्न निघालं. बहीण स्वतः न्यायला आली. अनुसया म्हणाली, मी तिकडं आणि हुकूम इकडं आला तर? गेली नाही. बहीण उंबऱ्यावरनं परत फिरली, आणि ज्या दिवशी अक्षता पडल्या त्या दिवशी ही पोत्यांची तोंडं पुन्हा शिवत बसली होती.

असं किती दिवस? दीड वर्ष! शरीर कासारडोहात, कान रस्त्यावर, जीव माळावर. हसू नका मंडळी. तुमच्यातले निम्मे आत्ता इथं बसलेत, आणि चित्त घरच्या गॅसवर ठेवलेल्या दुधापाशी आहे. मला दिसतंय इथनं.

या सगळ्यात आबांकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आबा बोलले नाहीत कधी. पण नदीवर जायचं बंद झालं. मग अंगणात जायचं बंद झालं. बाजेवर बसून राहू लागले. धोंडीरामला वाटलं, वय झालं. अनुसयाला वाटलं, बरं झालं, मधे मधे येत नाहीत.

एके दिवशी पुन्हा आवई उठली, सकाळीच उरलंसुरलंही बांधून झालं, आणि भर दुपारी अनुसया धुणं घेऊन नदीवर गेली होती. आबांना तहान लागली. उठले. नऊ पावलं टाकली, दार लागेना. दारात पोती. वळले. खुंटी चाचपली, खुंटी उपटलेली. रांजणाकडं हात केला, रांजण पालथा घालून कोपऱ्यात. पाय वाकळांच्या गाठोड्यात अडकला आणि म्हातारा जात्यावर आदळला.

अनुसया आली तेव्हा आबा भुईवर बसलेले. कपाळ फुटलेलं, मनगट वाकडं झालेलं. तिनं धुणं टाकलं, धावली, डोकं मांडीवर घेतलं. आणि आबा तिला काय म्हणाले, ऐका.

“पोरी, आपण आलो का गं माळावर? मला कुणी सांगितलंच न्हाई.”

ती म्हणाली, “न्हाई मामंजी. आपल्याच घरात हाय आपण.”

“आपलं घर?” आबा म्हणाले. “मग हाताला का लागंना झालंय?”

मंडळी, या प्रश्नाला उत्तर आहे? म्हातारा घरातून हलला नव्हता. घरच त्याच्याभोवतीनं उचलून नेलं होतं! गाव बुडायचं तेव्हा बुडेल. या बाईनं आपलं घर दीड वर्ष आधीच बुडवलं होतं.

हाडवैद्यानं मनगट बांधलं. अनुसया पोत्यांकडं वळली. पहिल्या पोत्याची शिवण उसवली. धोंडीराम शेतावरनं आला, तर भांडी फळीवर, रांजण जागेवर, खुंटी भिंतीत. त्याला वाटलं, बायकोचं डोकं फिरलं. म्हणाला, “उद्या हुकूम आला तर गं?”

ती म्हणाली, “आला तर बांधीन. बांधायला एक दिस पुरतो. पण मामंजींच्या पायाला नवं घर कळायला एक दिस पुरायचा न्हाई. तुम्ही गाडी जुंपा.”

तेव्हापासून दर आठवड्याला एक खेप. घागरभर पाणी, भाकरी, आणि आबा. त्या पत्र्याच्या रिकाम्या घरात ती त्यांचा हात भिंतीला लावायची आणि बाजूला उभी राहायची. पहिल्या खेपेला म्हातारा रडला. म्हणाला, या घरात ऊन पाठीवर येतं, माझ्या घरात तोंडावर यायचं. दुसऱ्या खेपेला गाडीतनं उतरलाच नाही. तिसऱ्या खेपेला म्हणाला, इथं उंबरा न्हाई, दार कुठं संपलं ते मला कसं कळावं? धोंडीरामनं दगडाचा उंबरा बसवला. चौथ्या खेपेला आबांनी पावलं मोजायला सुरुवात केली. पुढं पुढं घर झालं, मग गल्ली झाली, मग शेजारच्यांची दारं. लोक हसायचे. म्हणायचे, जिथं प्यायला थेंब न्हाई तिथं ही सासऱ्याला हवापालटाला नेती!

आणि मधल्या सहा दिवसांत अनुसया काय करायची? घर सारवायची. दोडक्याचा वेल मांडवावर चढवला. बहिणीच्या दारात जाऊन आली. बहीण सुरुवातीला बोलली नाही, मग बोलली. गाडीचा आवाज आला की अजूनही दचकायची, हं. सवय एका दिवसात जात नाही. पण हातातलं पीठ सोडून उठायची नाही.

हुकूम आला तो जीपमधनं आलाच नाही. माळावर नळ सुरू झाला होता. श्रावणातल्या एका सकाळी दवंडीवाला पायी आला. वर पाऊस फार झालाय, भिंतीमागं पाणी चढतंय, परवा दुपारपर्यंत गाव मोकळं करा.

काय धांदल उडाली! ज्यांची पोती वर्षभर शिवून पडली होती, त्यांच्या पोत्यांत उंदरांनी घरं केलेली. कशात काय बांधलंय ते कुणालाच आठवेना. अनुसयानं दीड दिवसात घर आवरलं. चुलीपाशी मात्र बसली आणि पोटभर रडली. राहिली होती ना तिथं, म्हणून रडू आलं!

ट्रक माळावर पोचले. सगळी घरं सारखी, सगळे पत्रे सारखे, वरून पाऊस. डोळे असलेली माणसं एकमेकांच्या घरात शिरू लागली. बायका भिजत उभ्या, माझं दार कुठलं म्हणून विचारतायत. आणि हैबतीआबा? वाकडं मनगट छातीशी धरून उतरले, गल्लीत उभे राहिले, आणि सांगू लागले: गजाबाई, तुझं इथनं तिसरं, नामदेवा, पुढं जा, वळणावरचं दार तुझं. ज्याला दिसत नव्हतं, त्यानं त्या दिवशी गाव घरी पोचवलं.

ते मनगट पुढं सरळ झालं नाही. भाचीच्या लग्नाच्या अक्षताही अनुसयाला पुन्हा टाकता आल्या नाहीत. दीड वर्ष गेलं ते गेलंच.

आता आपल्यावर येऊ. आपल्यालाही निघायचं आहे, आणि आपल्या कागदावर तारीख घातलेली नाही. म्हणून दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, तारीखच नाही म्हणून निर्धास्त. दुसरी, दिवसभर पोती ओढणारी, आणि त्या पोत्यांत घरचंच कुणी अडखळून पडतंय ते त्यांना दिसत नाही. तुमच्या घरात कोण पडलंय, बघा एकदा. आज घरी जाल तेव्हा बघा. त्याचा हात धरा.

आणि जिथं जायचं, तिथं अधूनमधून जाऊन या. कसं जायचं म्हणता? अहो, आत्ता तासभर इथं बसलात, ही एक खेपच झाली! चला, उचला टाळ. मोठ्यानं नाव घ्या देवाचं, म्हणजे पोचाल त्या दिवशी दार चाचपत बसायला नको.