आजी अत्यवस्थ

रोह्याच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीसाठी रांग होती. माझ्यापुढे एक म्हातारी आणि बारीक केसांचा तिचा नातू, सैनिकी अकादमीतला.

"आजी, ती बॅग दे इकडं."

"ऱ्हाऊ दे. तू सकाळपासून जेवला नायस."

"घास उतरत नाय गो. 'आजी अत्यवस्थ' म्हणून बाबांनी तार केली. मी रडत आलो, तर घरात शकूचा साखरपुडा!"

"साखरपुड्याला रजा दिली असती काय तुला?"

"नसती. पण आता साहेब विचारतील, आजी कशी हाय?"

"बरी हाय म्हण."

"काय झालं होतं विचारलं, तर? आमच्याकडं खोटं बोलणाऱ्याला कायमचं घरी पाठवतात."

"मग गप ऱ्हा."

"खोटं म्हायत असून गप बसणाऱ्यालाही पाठवतात."

"अरे देवा! तो नदीपलीकडच्या अष्टमी गावचा सईद ना? तुझ्याच अकादमीतला?"

"व्हय. मागाहून बहिणीच्या निकाहाला आला. तार आली तेव्हा माझी बॅग त्यानंच भरली होती."

"इकडंच येतोय रे. दिना, जरा खोकू काय?"

"नको. ताठ उभी ऱ्हा."