धुळ्याच्या घरात वन्स मोअर

मंडळी, गाणं ऐकताना भरवसा कुणावर ठेवावा, जाणकारावर की आपल्याच कानावर?

मुलीसाठी धुळ्याचं स्थळ पाहायला गेलो होतो. मुलगा मनात भरला होता. सोयरीक पक्की करूनच जळगावला परतायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी व्हिडिओवर ऑपेराची, म्हणजे विलायती संगीत नाटकाची, कॅसेट लावली.

“शेठ, तुमच्या संगीत नाटकात बोलतात, मग गातात. इथे सगळं गाण्यातच.”

बायको कुजबुजली, “पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे. गप बसा.”

बसलो. शेवटी विष प्यायलेली नायिका गात गात मेली, आणि माझी संगीत नाटकं पाहतानाची सवय उसळली.

“वन्स मोअर!”

“अहो, ती मेली!” बायको म्हणाली.

“मग काय झालं? आमच्याकडे मेलेला राजासुद्धा उठून पुन्हा गातो.”

बायकोने कपाळाला हात लावला. ते गृहस्थ मात्र उठले आणि कॅसेट मागे फिरवत म्हणाले, “या घरात आजवर कुणी शेवटपर्यंत बसलंच नव्हतं हो, व्याहीबुवा!”

फरक एवढाच. नाटकात मेलेला स्वतः उठतो, ऑपेरात व्याह्याला उठावं लागतं. डोळे दोन्हीकडे भरतात. तुम्हीही ऐकाल तेव्हा हिशोब चोख ठेवा. रडू आलं तर रडू मांडा, जांभई आली तर जांभई.