कुंकू लावलेलं पाकीट

हवालदार : सरका म्हणतोय ना सिस्टर. तिचा नवरा मेलाय. तिला सांगायचं, कागदावर अंगठा घ्यायचा, निघायचं. केवढंसं काम.

पंचशीला : आन् तेवढ्यात आतला दुसरा मरंल. मग दोन पंचनामे करत बसा. दाराला हात लावू नका, मल्लिकार्जुन हवालदार. तुमचा पट्टा धरलाय मी, सोडणार न्हाई.

हवालदार : अय्यय्यो, वर्दीला हात? ही काठी दिसते का?

पंचशीला : दिसती. हाणा. सकाळपासून या वार्डात जो तो हाणामारीच करायलाय, तुमचीबी हौस फेडून घ्या. पण आधी या काचेतून आत बघा. काय दिसतंय?

हवालदार : माणिकप्पा दिसतो. तोंडात नळी. उशाशी एक बाई बसली... थांबा. ती पंढरीची बायको ना? चांगुणा? ती त्याच्याजवळ काय करते?

पंचशीला : त्याला श्वास द्यायलीय. तिच्या हातात रबरी फुगा दिसतो का? तो नळीला जोडलाय. दाबला की वारं आत, सोडला की बाहेर. लाइट गेली तसं मशीन बंद पडलं, तवापासून माणिकप्पा तिच्या मुठीवर जगतोय. तुम्ही आत जाऊन म्हणा, बाई, तुझा नवरा मेला. मूठ उघडली की संपलं.

हवालदार : ज्यानं नवऱ्याची छाती फोडली त्याला? अन् नवरा मेलेलं हिला ठाऊक नाही?

पंचशीला : मधी पडदा ओढलाय. डॉक्टर सौदामिनीबाई विजेच्या हाफिसात भांडायला गेल्यात, जाताना सांगून गेल्या, लाइट येईपर्यंत हिला कुणी काही बोलायचं न्हाई.

हवालदार : दुसरं कुणी नाही का दाबायला? तुम्ही दाबा की.

पंचशीला : मी दाबते. मग त्या कोपऱ्यात फवारणीचं विष पिलेली पोरगी हाय, तिला घडीघडी सुई लागते, ती तुम्ही टोचा. वार्डबॉय पाण्याच्या लाइनीत घागरी घेऊन उभे. लातूर जिल्हा झालं म्हणून पाटी आली, कलेक्टर आला, हे एक मशीन आलं. जनरेटरबी आलाय, त्यात डिझेल न्हाई. फुगा दाबायचं काम इथं नातेवाइकांचंच असतं, पाळीपाळीनं. आन् नातेवाईक कुठं हायत, सांगू? तुमच्या कोठडीत. दोन्ही गल्ल्यांचे गडी तुम्हीच आत घातले की.

हवालदार : मग काय आरती करायची होती? टँकरभोवती पडलेले दात गोळा केले मी, सिस्टर. बायका घागरीनं एकमेकींची डोकी फोडत होत्या. आणि खाली सांडलेलं पाणी रक्तासकट फडक्यानं टिपून कळशीत पिळत होती एक म्हातारी. वीस वर्षं नोकरी झाली, असं पाहिलं नव्हतं.

पंचशीला : ती म्हातारी साखराबाई. माणिकप्पाची आई. तीबी आतच हाय, पायाशी बसलीय बघा.

हवालदार : मग आई दाबेल ना लेकाला.

पंचशीला : सगळं सांगते, पण पाय मागं घ्या. त्या दोघांना एकाच जीपमधून आणलं. पंढरीला पहार लागलेली, माणिकप्पाला बैलाच्या जुवाची शिवळ, तो लाकडी दांडा. दोघांच्या बरगड्यांचा चुरा. श्वास घेतला की छातीचा तुकडा आत जायचा, सोडला की वर यायचा. निम्मी छाती उलटीच चालायली. तशातबी दोघं एकमेकाला शिव्या घालायले होते, शिवीसोबत रक्त यायलं होतं. आन् या दोघी, चांगुणा आन् म्हातारी, जीपभर एकमेकींवर थुंकत आल्या.

हवालदार : आणि मशीन माणिकप्पाला मिळालं. का? त्याचा मामा सभापती आहे म्हणून. गावात तेच बोलतात.

पंचशीला : गावाला काय, जीभ हाय तर वळवळतीय. बाईंचं नांदेडच्या मोठ्या डॉक्टरांबरोबर संशोधन चालू हाय. छाती अशी मोडलेल्या माणसाला लगेच मशीनवर घालावं, का नुसतं दुखणं मारायची सुई, ऑक्सिजन देऊन ठेवावं, आन् जिवावर बेतलं तरच मशीन? मशीननं हाडं धरतात, पण फुफ्फुसात पू होतो. न लावलं तर माणूस दमून जातो. जास्त कशानं वाचतात ते कुणालाच माहीत न्हाई. बाईंनाबी न्हाई.

हवालदार : मग ठरवायचं कसं?

पंचशीला : चिठ्ठीनं. नांदेडहून लाखेची बंद पाकिटं येतात. आत मशीन लिहिलंय का बिगरमशीन, ते बाईंनाबी कळत न्हाई. पेशंट आला की वरचं पाकीट फोडायचं आन् निघंल तसं करायचं. म्हणजे डॉक्टरचं मन कुणीकडं झुकत न्हाई. झुकलं की संशोधन फुकट.

हवालदार : जुगारच म्हणा की.

पंचशीला : म्हणा. पण मामाचा फोन आला होता, तो बाईंनी चिठ्ठीच्याच जोरावर आपटला. घोळ पुढं झाला. कुणी नाव ठेवू नये म्हणून बाई पाकीट नातेवाइकालाच फोडायला देतात. चांगुणाला समजावून समजावून बाईंचं तोंड दुखलं, तिच्या डोक्यात काही शिरंना. शेवटी बाई म्हणाल्या, "हे माझ्या हातात नाही गं, वरच्याच्या हातात आहे." झालं. चांगुणाचं माहेर माहूरच्या पायथ्याचं. तिच्या माहेरी भावकीत भांडण झालं की देवीला कौल लावतात. फूल उजवीकडनं पडलं की खरा, डावीकडनं पडलं की खोटा. ती उठली, नळाला थेंब न्हाई तर पिण्याच्या तांब्यातलं पाणी घेऊन हात धुतले, पाय धुतले, स्वतःच्या कपाळाचं कुंकू बोटावर घेतलं आन् पाकिटाला लावलं. मग फोडलं.

हवालदार : आणि डॉक्टरीण बघत बसल्या?

पंचशीला : त्यांना वाटलं, बाईचा जीव थाऱ्यावर येतोय तर येऊ द्या. आत निघालं बिगरमशीन. पुढचं साखराबाईनं फोडलं, त्यात मशीन. म्हातारीनं नळी घातलेल्या लेकाकडं बघितलं, मग चांगुणाकडं वळली आन् म्हणाली, "बघ. रेणुकाईनं पाप कुणाच्या पदरात घातलं."

हवालदार : अरे देवा.

पंचशीला : अशी झेपावली चांगुणा. म्हातारीचे केस मुठीत धरून तिचं डोकं लोखंडी खाटेवर आपटलं, एकदा न्हाई, आपटतच राहिली. म्हातारीनं तिच्या दंडाला चावा घेतला आन् मांस घेऊनच सोडलं. बांगड्या फुटल्या, काचा रुतल्या. सलाइनचा स्टँड मधी घालून मी त्यांना सोडवलं, तेवढ्यात माझ्या कानफटात बसली, कुणाची ते माहीत न्हाई. हा गाल सुजलाय तो त्याचाच.

हवालदार : मला वाटलं दातदुखी.

पंचशीला : तुम्हाला काय, हसा. मी चांगुणाला भिंतीकडं ढकललं. मला वाटलं, आता ही बाईंच्या नरड्याला हात घालणार. पण ती गुमान नवऱ्याच्या खाटेशी जाऊन बसली आन् त्याच्या कानाशी वाकली. काय विचारलं असंल?

हवालदार : काय?

पंचशीला : "आधी हात तुमी उचलला का?" पंढरीनं डोळे मिटले. पुन्हा विचारलं. त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. रक्त ओकणाऱ्या माणसाला असं कुणी विचारतं का? पण तिचं सगळं तिथंच ठरलं. कौल खरा निघाला. देवीला जे ठाऊक होतं ते आता हिलाबी कळालं.

हवालदार : म्हणजे आधी पंढरीनं मारलं? हे जबाबात यायला पाहिजे.

पंचशीला : आधी ऐका, मग कागद काढा. दुपारी लाइट गेली. मशीन बंद. बाई फुगा दाबायल्या, तेवढ्यात पंढरी काळानिळा पडायला लागला. जिवावर बेतलं तर त्यालाबी मशीन लावायचं ठरलं होतं, पण मशीनच मेलेलं. बाईंनी फुगा साखराबाईच्या हातात दिला आन् तिकडं धावल्या. म्हातारीची बोटं वाकडी, संधिवातानं गाठी झालेली. तिच्यानं फुगा निम्मासुद्धा चेपंना. माणिकप्पाचे ओठ निळे व्हायले. मी तिकडं पंढरीला धरून, बाई त्याच्या छातीत सुई घालून रक्त काढायल्या. तवा म्हातारीनं चांगुणाचे पाय धरले. ज्या तोंडानं दंड फाडला त्याच तोंडानं लेकाचा जीव मागितला.

हवालदार : आणि हिनं घेतला फुगा.

पंचशीला : घेतला. पण पहिला दाब असा दिला, गळा आवळावा तसा. माणिकप्पाची मोडकी छाती टराटर वाजली. मी तिथूनच ओरडले, त्याला मारायलीस तू, आधी तू श्वास घे, मग त्याला दे, तुझ्या श्वासाबरोबर. मग तिनं श्वास घेतला आन् हळू दाबलं. म्हणाली, "देवीनं त्याला दिलाय. मी आडवी जाणारी कोण." तवापासून तिच्या श्वासावर त्याचा श्वास चाललाय. इकडं पडद्याआड पंढरी गेला.

हवालदार : मशीन मिळालं असतं तर पंढरी वाचला असता?

पंचशीला : माहीत न्हाई हो. तेच तर शोधायल्यात बाई. आमच्या घरात छप्पन सालच्या दीक्षेपासून देवीचा टाक न्हाई. मला विचाराल तर त्या पाकिटात कागद होता, बाकी काही नव्हतं. पण हे तिला सांगू कसं? सांगितलं तर फुगा सुटतो, न सांगितलं तर नवरा पापी ठरतो. बोला, काय करू?

हवालदार : साहेबाचा हुकूम आहे, सिस्टर. दिवस मावळायच्या आत प्रेत चिरफाडीला गेलं पाहिजे. कलम बदललं, आता तीनशे दोन. माणिकप्पाला खाटेला बेडी घालायची. बायकोला न सांगता प्रेत हलवू कसं? सोडा पट्टा.

(दार आतून उघडतं. चांगुणा उंबऱ्यात. दंडाला रक्तानं भिजलेली पट्टी.)

पंचशीला : चांगुणा! फुगा?

चांगुणा : म्हातारीच्या हातात देऊन आले. जरा वेळ ओढंल ती. भांडू नका. आत समदं ऐकू येतंय.

पंचशीला : ये, बस इथं. मी तुला...

चांगुणा : मला ठाव हाय. पडद्याखालनं त्यांचे पाय दिसत होते. डाक्टरीणबाईनं चादर पायाकडनं वर वढली, तवाच कळालं. जित्या माणसाला गळ्यापातूर घालत्यात.

हवालदार : तेव्हापासून ठाऊक होतं? आणि तू त्यालाच...

चांगुणा : दाबीत होते. कौलाच्या आडवं कसं जावं? रडूबी दिलं न्हाई मी. रडलं की श्वास तुटतो, त्याचाबी तुटला असता. सिस्टर, आता एक सांगा. मगाशी तुमी हवालदाराला म्हणला, निस्ता कागद होता.

हवालदार : अगं, ते तसं नाही. सिस्टर, सांगा ना तिला, देवीच होती म्हणून. सांगून टाका.

पंचशीला : गप बसा हवालदार. चांगुणा, देवी नव्हती. नांदेडला कुणीतरी न बघता कागद भरले, न बघता बंद केले. तुझा नवरा कोण, त्यानं काय केलं, त्या कागदाला माहीत नव्हतं. तुझ्या नवऱ्याला कुणी दोष दिला न्हाई. न्यायबी केला न्हाई.

चांगुणा : आन् मी मरत्या माणसाला विचारलं, आधी हात तुमी उचलला का. भिताडाकडं तोंड करून गेले माझ्यावर रुसून.

पंचशीला : रुसला नसंल गं. श्वास पुरत नव्हता त्याला.

चांगुणा : रुसलेच. मी वळखते त्यांना.

हवालदार : बाई, कागद नंतर करू. तू... तू पाणी पी.

चांगुणा : देवी नव्हती, तर मंग येवढा वेळ त्याला कोण जगवीत होतं?

पंचशीला : तू.

चांगुणा : मीच व्हय. हवालदार, त्याच्यावर काय लावलं म्हणला?

हवालदार : तीनशे दोन. खून. कोर्टानं मानलं तर फाशी, नाहीतर जन्मठेप.

चांगुणा : त्याला जिता माणूस लागतो न्हवं?

हवालदार : लागतो.

चांगुणा : मंग सरका. म्हातारीच्या बोटात जोर न्हाई.